बाग खंडाने दिली आणि माझा स्वभावच बदलला

प्रश्न (तासगाव, बागाईतदार)

वय ६१. दोन एकर द्राक्षबाग तीस वर्षं स्वतः केली. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलगा पुण्यात नोकरीला, म्हणून बाग खंडाने दिली. पैसे वेळेवर येतात. तक्रार आहे ती माझी माझ्याबद्दलच.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की द्राक्षावरच्या डावणी रोगाच्या धास्तीनं पहाटे तीनला उठून औषध मारायचो. तेव्हाही चिडका होतो, पण मनात काही साठायचं नाही. आता सकाळी चहा, पेपर, मग मारुतीच्या देवळापुढचा कट्टा. कुणाच्या सुनेबद्दल अर्धवट ऐकलेलं मी पुरं करून सांगतो. बायकोला मंडईतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर घड्याळाकडं बघत विचारतो, कुठं होतीस? पस्तीस वर्षांच्या संसारात कधी विचारलं नव्हतं.

गेल्या महिन्यात शेजाऱ्याच्या बागेत डावणी शिरल्याचं कळलं आणि मला क्षणभर बरं वाटलं. माझा औषध फवारायचा ब्लोअर बिघडला तेव्हा याच माणसानं स्वतःचा आणून दिला होता. त्या रात्री झोप लागली नाही.

हे रिकामपणानं आलं, की आधीपासून आत होतं आणि कामाखाली झाकलेलं होतं?

उत्तर १ (सातारा, निवृत्त शिक्षिका)

दादा, मला वाटतं दोन्ही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. पुढं 'कमवा आणि शिका' म्हणून मुलं शेतात राबून शिकली. आपण त्याला गरिबांची सोय म्हणतो, पण मी स्वतः तशी शिकले म्हणून सांगते, त्यात स्वभावालाही वळण लागायचं. ज्या आठवड्यात स्वयंपाकघरातलं काम माझ्याकडं नसायचं, त्याच आठवड्यात मला आमटी पातळ लागायची.

उत्तर २ (मिरज, समाजशास्त्र शिकवतो)

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारियनथाल नावाचं गिरणीचं गाव आहे. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली, जवळजवळ सगळा गाव बेकार झाला. अभ्यासकांनी तिथं राहून निरीक्षणं केली. वेळ भरपूर, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्यानं सावकाश चालायचे, मधेमधे थांबायचे. दिवसभरात काय केलं, ते त्यांना धड सांगता यायचं नाही. बायका मात्र भराभर चालायच्या, कारण घरकाम होतंच. तुमचं हातावर पोट नाही, हा फरक मोठा आहे. पण दिवसाला आकार नसला की माणसाचं काय होतं, ते तिथं दिसलं.

उत्तर ३ (पलूस)

बायका भराभर चालायच्या, हे वाचून थांबले. काका, काकूंचं काम संपलेलं नाही, आणि आता त्यावर देखरेख करणारा माणूस घरात बसलाय. लसूण सोलायला घ्या, पण 'मदत करतो' म्हणू नका.

नुसतं बसणं वाईट, हे मात्र मला पटत नाही. माझे आजोबा म्हातारपणी तासन्‌तास कृष्णेच्या घाटावर बसायचे. पाणी कुठल्या पायरीला लागलंय ते त्यांना ठाऊक असायचं. कुणाचं वाईट बोललेलं मी ऐकलं नाही. कट्ट्यावरचं बसणं आणि ते बसणं एक नव्हे.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल शेजाऱ्याच्या बागेत गेलो. गुडघा दुखतो, तरी चार ओळी हिंडून पानं उलटी करून बघितली. कुठल्या कोपऱ्यात हवा खेळत नाही ते दाखवलं, गर्दीच्या काड्या काढायला सांगितलं. त्यानं चहा पाजला. मला बरं वाटलं होतं, ते त्याला सांगता आलं नाही.

बायकोला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, उद्या मंडईला बरोबर चला.