एअरगनच्या नळीवर पुढं वजन बसवल्यापासून छर्रे कुठंही जालेत, कारण काय असंल?

खानापूरचा_गडी
नमस्कार मंडळी. 4.5 एमएमची देशी स्प्रिंगवाली एअरगन हाय माझी, नळी मोडून कॉक करायची. घरामागं 10 मीटरवर पुठ्ठा लावून मारतो, पाठीमागं वाळूची पोती आन त्यामागं दगडी गडगा. पुढची साईट काढून टाकलेली, 4 पॉवरचा स्कोप हाय. वजन नव्हतं तवा पाच छर्रे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकायचे. पुढं जरा जड असलं की नेम हलत नाही आन नळी मोडताना धरायला पण बरं पडतंय असं वाचून लेथवर लोखंडाचा तुकडा करून घेतला, 70 मिलिमीटर लांब, त्यातलं 25 नळीवर बसतंय आन 45 पुढं राहतंय, बाजूनं आवळायला एक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारीक स्क्रू). वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. आता छर्रे तळहाताएवढ्या जागेत विखुरलेत, कधी वर कधी डावीकडं. स्कोप फिरवून फिरवून कंटाळा आला, छर्रे बदलून बघितले तरी तसंच. स्प्रिंग गेली म्हणायची काय वो?

निपाणीकर_७७
स्प्रिंग एका दिवसात जात नाही अण्णा. पहिलं एक सांगा, सगळे छर्रे एका जागी पडून ती जागाच सरकली, का जागाच मोठी झाली? ह्या दोन वेगळ्या गोष्टी हायत. पुढं वजन आलं की नळीची थरथर बदलती, बंदुकीचा झटका बदलतो, मग ग्रुप, म्हंजे छर्रे पडलेली ती जागा, वर-खाली सरकणारच, तेवढं स्कोपवर जुळवून घ्यायचं आन विषय सोडायचा. पण ग्रुप फुटलाय तर स्कोपच्या नट्टांना हात लावू नका, उगाच दोन बिघाड एकात मिसळतील.

आणखी एक, स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टनचा धक्का सुरू होतो. त्यामुळं ती कशी धरली यावर लई काही असतंय. वजनानं बॅलन्स पुढं गेला असंल, डावा हात जुन्याच जागी ठेवून आवळून धरत असाल तर तेनं पण छर्रे फाकतात. उघड्या तळव्यावर नुसती टेकवून मारून बघा, हात थोडा पुढं घेऊन.

आन हे पोकळ सायलेन्सरसारखं काही नाही ना? तसलं असंल तर त्या भानगडीत पडू नका.

खानापूरचा_गडी
नाही नाही, भरीव तुकडा, मधनं 5.5 चं भोक फक्त. ग्रुपच फुटलाय. हात पुढं घेऊन सैल धरून मारलं, थोडं बरं वाटलं पण मधनंच एखादा छर्रा पार भलतीकडं जातोय.

टिळकवाडी_शूटर
पुठ्ठ्यावरची भोकं नीट बघितलीत का? चपट्या डोक्याचा छर्रा सरळ गेला तर कागदाला पंच मारल्यासारखं गोल भोक पडतं. लांबट किंवा एका बाजूनं फाटलेलं असेल तर छर्रा आडवा होऊन पोचतोय, म्हणजे वाटेत कुठंतरी घासलाय. पुठ्ठ्यावर कळत नाही, वर साधा कोरा कागद लावा.

मग बंदूक रिकामी आहे याची खात्री करून वजन काढा आणि पुढच्या भोकात आतून इअरबड फिरवा. एकाच बाजूला शिशाचा काळपट पट्टा मिळाला की निदान झालं. वजन काढल्यावर नळीच्या तोंडावर पण इअरबड हलकेच फिरवून बघा, कापूस अडकला तर तिथं ओरखडा आहे. आणि वजनाशिवाय एक ग्रुप मारा, हे खरं तर सगळ्यात आधी करायचं.

मॅच खेळायचा विचार असेल तर आत्ताच सांगतो, 10 मीटर एअर रायफलमध्ये मझल ब्रेक (झटका कमी करायला नळीच्या तोंडावर लावतात तो भाग) चालत नाही आणि पूर्ण रायफल 5.5 किलोच्या आत लागते. तिथं दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, त्यामुळं असली घासाघीस परवडतच नाही.

खानापूरचा_गडी
सर बरोबर निघालं. कागदावर तीन गोल, दोन लांबट. भोकात खालच्या उजव्या बाजूला काळा पट्टा हाय. वजन काढून मारलं तर परत नाण्याखाली, जागा तेवढी थोडी खाली सरकली. नळीचं तोंड स्वच्छ हाय. पण 4.5 च्या छर्‍याला 5.5 चं भोक म्हणजे चारी बाजूनं अर्धा मिलिमीटर मोकळं, तरी घासतंय कसं?

लेथवाला_उद्यमबाग
घासणारच की. तुकडा नळीवर किती ढिला बसतोय ते सांगितलंच नाहीस तू. समज 0.4 ढिला हाय. 25 मिलिमीटरच्या पकडीत 0.4 तिरका झाला की 45 पुढं जाईस्तोवर तो 0.7 सरकतोय, तुझा अर्धा मिलिमीटर तिथंच संपला. वर एकच ग्रब स्क्रू, तो आवळला की तुकडा एका बाजूला ढकलतोय, सरळ बसायचा प्रश्नच नाही. पहिले दोन-चार छर्रे बरे जातात, मग झटक्यानं परत हलतंय, म्हणून तुला कधी वर कधी डावीकडं दिसालंय.

दुसरं, बर्‍याच जणांनी तुकडा चकात (लेथच्या पकडीत) उलटून धरून पुढचं भोक पाडलेलं असतंय. तीन जबड्यांच्या (थ्री जॉ) चकात उलटून धरलं की सेंटर हललंच. बोअर (नळीवर बसायची मागची पोकळी) आन पुढचं भोक एकाच सेटिंगमध्ये काढायला पाहिजे. तरी पण स्वस्तातल्या नळीचं बाहेरचं अंग आन आतली वाट एका सेंटरवर असतीलच असं नाही, म्हणून पुढचं भोक 8 करून घ्यायचं, वजनात काही फरक पडत नाही. ग्रब तीन, सारख्या अंतरावर, टोकाला पितळ नाहीतर नायलॉन. जास्त आवळू नकोस, पातळ नळी असली तर आतनं दबती.

खानापूरचा_गडी
अण्णा मग घरच्याच ड्रिल मशीननं 8 चा बिट घालून मोठं करू काय? नळीवर बसलेलंच हाय.

लेथवाला_उद्यमबाग
नको रे बाबा! बिट नळीच्या तोंडाला लागला तर नळी कापून तोंड नव्यानं करायला लागंल. आन नुसतं भोक मोठं केलंस तरी तुकडा हलायचाच, घासायचं थांबंल पण ग्रुप सरकत राहील. बंदूक घरातच ठेव, तुकडा तेवढा घेऊन ये. येताना नळीचं माप मायक्रोमीटरनं दोन जागी घे, तोंडाजवळ आन 25 मिलिमीटर मागं, काही नळ्या निमुळत्या असतात. व्हर्नियरचं माप चालणार नाही. जुना बोअर ढिला झालाच हाय, आत पितळी बुश (नळकांडं) ठोकून नळीच्या मापानं काढू. रविवारी शेड बंद असतंय.