येमेनच्या शाळांत शिजवलेलं जेवण न देता बिस्किटं का?

जिरेसाळ:
आपल्याकडे पहिली ते पाचवीच्या पोषण आहाराचं माप ठरलेलं आहे: माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. येमेनमध्ये जागतिक अन्न कार्यक्रमातर्फे बऱ्याच शाळांत बिस्किटं किंवा खजुराच्या वड्या वाटतात. गहू-तांदूळ तिथे बहुतेक बाहेरूनच येतो, मग तो शिजवून का देत नाहीत? आणि भाव चढले की मुलांच्या खाण्यातून आधी काय कमी होतं?

कोठीघर:
५०० मुलांची शाळा धरा. तुमच्याच मापाने रोज ६० किलो डाळ-तांदूळ झाला. तो शिजायला दोनशे-सव्वादोनशे लिटर पाणी लागेल. हात-ताटं धुवायला माणशी लिटरभर धरलं तरी आणखी ५००. तिथल्या अनेक वस्त्यांत हे पाणी टँकरने विकत घ्यावं लागतं, आणि टँकर डिझेलवर चालतो. गॅसची टंचाई वेगळीच. यातलं एक अडलं की त्या दिवशीचं जेवण बुडालं.

बिस्किटांना चूल लागत नाही. १०० ग्रॅममध्ये किमान ४५० कॅलरी, म्हणजे आपल्या प्राथमिकच्या मापाइतक्याच, आणि १० ते १५ टक्के प्रथिनं. वर जीवनसत्त्वं आणि लोह घातलेलं असतं. रोजचं ओझं फक्त ५० किलो.

पण बिस्किट अगदी कोरडं असतं. प्यायला पाणी नसेल तर मुलं अर्धं टाकून देतात. दुसरी अडचण कोठीची. होदेदासारख्या किनाऱ्यावर दमट हवेत खोकी भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवली की माल सादळतो, तेलाला खवट वास येतो. खाली लाकडी पाट, भिंतीपासून हातभर अंतर, आणि जुनी खोकी आधी संपवायची. वाटप पहिल्या तासानंतर लगेच करावं. शेवटच्या तासाला दिलं तर पाकीट न फोडताच घरी किंवा बाजारात जातं.

भुसारकर:
भावाबद्दल. जे धान्याच्या रूपात येतं त्याचं वजन टिकतं, जे पैशांत येतं ते आटतं. आपल्याकडचंच बघा. तांदूळ सरकारी कोठारातून येतो. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यांना मात्र ठरावीक रक्कम. प्राथमिकसाठी ती दर मुलामागे रोज, एप्रिल २०२० पासून, ४.९७ रुपये होती, ५.४५ झाली ऑक्टोबर २०२२ मध्ये. मधल्या काळात युक्रेनचं युद्ध पेटलं आणि आधीच चढलेलं खाद्यतेल आणखी भडकलं. अशा वेळी आधी तेल कमी होतं, मग डाळ पातळ होते. तांदूळ तेवढाच राहतो, त्यामुळे ताट भरलेलं दिसतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

येमेनमध्ये हेच दसपट. तिथल्या यादवी लढाईआधी डॉलरला सुमारे २१५ रियाल (तिथलं चलन) होते. २०२४ च्या अखेरीस सरकारकडच्या अदन शहरात २,००० च्या वर, हुथी बंडखोरांकडच्या सनामध्ये मात्र ५३० च्या आसपास. एका देशात दोन दर! रियालमध्ये वर्षभराचा करार केला तर पुरवठादार चार महिन्यांत हात वर करील किंवा वजन मारील. म्हणून करारात ग्रॅम पक्के लिहायचे आणि दर महिन्याला बाजारभावाशी जोडायचा. तपासणीही ताट बघून नको. रिकामे डबे-पोती मोजा आणि हजेरीशी ताडून बघा.

जिरेसाळ:
खजुराच्या वड्यांचं काय? आणि शाळाच बंद पडली तर?

पाववाला:
खजूर टिकतो आणि मुलं आवडीने खातात, पण १०० ग्रॅमला प्रथिनं जेमतेम दोन-तीन ग्रॅम. निव्वळ त्यावर भागत नाही. जिथे जरा शांतता आहे तिथे बिस्किटांवर अडून राहू नये, असं माझं मत. शाळेत चूल मांडण्याऐवजी गावातल्या भट्टीकडून पाव घ्या. तिची भट्टी तशीही पेटलेली असते. आत शिजवलेल्या वालासारख्या बिया (तिथे ‘फूल’ म्हणतात) किंवा उकडलेलं अंडं. उकडलेल्या बिया उन्हात दोन-तीन तासांत आंबतात, म्हणून सकाळीच भरून दहाच्या आत पोचवा.

शाळा बंद असेल तर महिन्याचं पीठ, डाळ आणि तेलाचा सीलबंद डबा घरी. तेल सुटं देऊ नका: भेसळ होते, आणि त्यात मिसळलेलं अ जीवनसत्त्व उजेडाने मरतं. घरी गेलेला शिधा सगळं कुटुंब खाणार, हे धरूनच माप ठरवा. वाटप एकाच दिवशी नको, इयत्तावार वेगवेगळ्या दिवशी करा. गोळीबाराच्या भागात पाचशे माणसांची रांग लावणं हाच मोठा धोका असतो.