मदत हवी आहे: शतावरी, मेथी, प्युरेरिया घेऊन काही होतं का? (नाशिक)

नमस्कार. मी ट्रान्स स्त्री, वय चोवीस, सिडकोत आईवडिलांकडे राहते. घरी कुणाला काही सांगितलेलं नाही. डॉक्टरची चिठ्ठी, रिपोर्ट घरात सापडले तर काय, या भीतीने दवाखाना टाळते आणि शरीर बायकी व्हावं म्हणून चिठ्ठीशिवाय मिळेल ते घेते. दुधातून शतावरी, मेथीच्या कॅप्सूल आणि ऑनलाइन मागवलेली प्युरेरिया मिरिफिका. हा थायलंडकडच्या एका वेलीचा कंद. डबीवर बाईचं चित्र आणि 'शंभर टक्के नैसर्गिक'. आत नेमकं किती काय, याचा पत्ता नाही.

छाती थोडी हुळहुळते, की मलाच तसं वाटतं, कळत नाही. दाढी मात्र आहे तशीच. पंचवटीतली मैत्रीण म्हणते, हा पालापाचोळा सोड, मेडिकलमधून माला-डी (गर्भनिरोधक गोळ्या) आण आणि दिवसाला दोन-तीन घे. मी अधूनमधून सिगरेट ओढते. घेऊ का? आणि नाशकात असा डॉक्टर आहे का, जो आधी उपदेश करणार नाही?

प्रतिसाद, औषधवाली:
अगं, माला-डी अजिबात नको. त्यात एथिनिल इस्ट्रॅडिऑल, म्हणजे कृत्रिम इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) असतं. त्याने रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून ट्रान्स स्त्रियांच्या उपचारात डॉक्टर आता ते वापरत नाहीत, शरीरात असतं तसं साधं इस्ट्रॅडिऑल देतात. त्यात तू गोळ्या दुपटी-तिपटीने घेणार, वर सिगरेट! आधीच घेतल्या असतील आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर रात्र असली तरी तडक इमर्जन्सीत जा.

प्युरेरियातले घटक इस्ट्रोजेनसारखं काम करतात खरे, पण कुठल्या डबीत किती, ते सांगता येत नाही, आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) खाली आणायला त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मेथीची तर गंमतच आहे. तिचाच अर्क जिमच्या पोरांना टेस्टोस्टेरॉन वाढवायला म्हणून विकतात! पैसे वाचव. दाढीचं म्हणशील तर डॉक्टरच्या हार्मोन्सनीही ती जात नाही, केस थोडे विरळ होतात इतकंच. त्याला लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस.

एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर गाठ. ते टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल, लिव्हर वगैरे तपासून मग सुरू करतात. टेस्टोस्टेरॉन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन हे औषध दिलं तर रक्तातल्या पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं, ते घरी बसून जमत नाही. जे जे घेतेस ते सगळं सांग, डब्याही ने. तू सज्ञान आहेस, डॉक्टरने परस्पर घरी कळवायचं नसतं. रिपोर्ट फोनवरच माग. 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यात सरकारने हार्मोन उपचार आणि समुपदेशनाची सोय करावी असं लिहिलंय, तेव्हा सरकारी दवाखान्यात विचारायला लाजू नकोस.

धागाकर्ती:
आभार ताई. माला-डी आणलेली नाही, आता आणणारही नाही. प्युरेरिया आजपासून बंद. सिगरेटचं बघते. सातपूरला कंपनीत आहे, सुट्टी शनिवारी. त्या दिवशी बसणारे, माणसासारखं बोलणारे एंडोक्रायनॉलॉजिस्ट कुणाला माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नाव नको. फी साधारण किती घेतात तेही लिहा.