कुंभाराच्या कामात यंत्र नेमकं कुठे घालायचं?

अर्धा_अभियंता
मंडळी, सल्ला हवाय. पाणी गाळायची मातीची भांडी स्थानिक कुंभारांकडूनच करून घ्यायची, असा एका प्रकल्पाचा आराखडा माझ्याकडे आलाय. मातीत लाकडाचा भुसा मळायचा, भाजताना तो जळून जातो, मागे बारीक छिद्रं उरतात, त्यांतून पाणी झिरपतं. वरून कोलॉइडल सिल्व्हरचा, म्हणजे जंतू मारायला चांदीच्या अतिबारीक कणांच्या पाण्याचा हात. इथवर कळलं. पण आमच्यात दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, चाक-बिक विसरा, स्वयंचलित प्रेस आणि विजेची भट्टी आणा. दुसरे म्हणतात, कुंभाराचं काही बदलू नका, फक्त भुसा कालवायला शिकवा. मला दोन्ही पटत नाही आणि का ते धड सांगताही येत नाही. जुनं-नवं जोडायचे जे प्रयोग टिकले, त्यांत सांधा कुठे होता?

रिकामटेकडा
नायजेरियाच्या मोहम्मद बाह अब्बांचा मडक्याचा फ्रिज बघा. मडक्यात मडकं, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं. वीज लागत नाही, भाज्या टिकतात, वर रोलेक्स पुरस्कारही मिळाला. यंत्र हवंच कशाला?

भट्टीवाली
रिकामटेकडा, ते मडकं कोरड्या हवेत छान चालतं. दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, मग गारवा येणार कुठून? आणि भाजी जराशी कमी गार राहिली तर कुणी आजारी पडत नाही. गाळणीचं तसं नाही.

अभियंता, माझी हयात सिरॅमिकच्या चाचण्या करण्यात गेली, तेव्हा माझा कल कुठे असणार ते धरून चाला. माझं मत: हात कुंभाराचा राहू द्या, माप बाहेरून आणा.

हे गाळणीचं भांडं १९८१ मध्ये ग्वाटेमालात फर्नांडो माझारिएगोस यांनी तयार केलं. १९९८ च्या मिच वादळानंतर निकाराग्वात रॉन रिव्हेरा आणि 'पॉटर्स फॉर पीस' या कुंभारांसोबत काम करणाऱ्या संस्थेनं त्याचा प्रसार केला. त्यांच्या कार्यशाळांत दोन भागांचा साचा असतो आणि तो दाबायला ट्रकचा हायड्रॉलिक जॅक. तिथे चाक खरंच बाजूला पडलं, आणि ते बरोबरच झालं. चाकावर भिंत कुठे जाड, कुठे पातळ होते. पाणी साठवायच्या माठाला त्यानं काही बिघडत नाही, पण गाळणीत पाणी पातळ जागेतूनच वाट काढतं. म्हणजे जॅक आणलाय तो एकसारख्या जाडीसाठी. वेग वाढवायला नाही. शिवाय जॅक बिघडला तर दुरुस्त करणारा कुठल्याही गॅरेजात सापडतो. तुमच्या स्वयंचलित प्रेसचा सुटा भाग कुठून मागवणार?

विजेच्या भट्टीचा नाद सोडा. भाजणी चालू असताना वीज गेली की अख्खा घाणा वाया जाऊ शकतो. लाकडाची भट्टी पुरते. मात्र आत पायरोमेट्रिक शंकू ठेवायचेच. वीतभरसुद्धा नसलेला मातीचाच सुळका, ठरलेली उष्णता पोचली की वाकतो. हर्मान झेगरनं १८८६ मध्ये काढलेली युक्ती, अजून तिला तोड नाही. डिजिटल तापमापक त्या क्षणाचं तापमान सांगतो. शंकू तापमान आणि वेळ मिळून मातीवर काय झालं ते दाखवतो. जुन्या कुंभाराला भट्टीचा रंग बघून हे कळतंच. शंकू त्याच्या मुलासाठी, आणि ढगाळ पहाटे डोळा चकतो त्यासाठी.

भुशाकडे मात्र दोन्ही तटांनी दुर्लक्ष केलंय. एका वखारीचा भुसा जाडा, दुसरीचा पीठ. पावसाळ्यात तो ओल धरतो, मग तेवढ्याच वजनात कोरडा भुसा कमी येतो आणि छिद्रं कमी पडतात. चाळण ठरलेली हवी, भुसा वाळवून मगच तोलायचा. सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे ही चाळण, आणि नेमकी तीच आराखड्यातून सुटते.

चुलीवरचा
केनियाची सिरॅमिक जिको शेगडी इथे चपखल बसते. थायलंडच्या बादली-शेगडीवरून सुचलेली, १९८० च्या दशकात पसरली. पत्र्याचं कवच पत्रेवाला करतो, आतलं मातीचं अस्तर कुंभार करतो, दोघांनाही धंदा. पण अस्तर कच्चं भाजलं तर तडकतं, आणि घेणाऱ्याला दुकानात ते ओळखू येत नाही.

अर्धा_अभियंता
भट्टीवाली, धन्यवाद. पण तपासणीत नापास झालेली भांडी? कुंभार ती फोडू देईल?

भट्टीवाली
नाही देणार, नुकसान त्याच्या माथी मारलंत तर. प्रत्येक भांडं भिजवून काठोकाठ भरायचं आणि तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीनं मोजायचं. साधारण एक ते तीन लिटर ठीक. त्याहून जास्त गळलं तर कुठेतरी चीर आहे किंवा छिद्रं मोठी आहेत. गंमत अशी की गिऱ्हाईकाला भरभर गळणारं भांडंच आवडतं! नापास भांडं दिसायलाही पास भांड्यासारखंच, म्हणून ते कोपऱ्यात रचून ठेवलं की कधीतरी विकलं जातंच. त्याच दिवशी फोडा. पहिल्या काही भट्ट्यांचे नापास नग प्रकल्पानं विकत घ्यायचे आणि मग फोडायचे, हे करारात आधीच लिहा.

आणखी एक. ही गाळणी जिवाणूंसाठी. विषाणूंची तितकी खात्री नाही, आर्सेनिकवर तर तिचा भरवसाच ठेवू नका. तुमच्या पाण्यात नेमकं काय आहे ते आधी तपासून घ्या, नाहीतर सगळी मेहनत भलत्याच रोगावर.

कंबोडियात पाहणी झाली तेव्हा दरमहा साधारण २ टक्के घरांत गाळणी वापरातून जात होती, मुख्यतः भांडं फुटल्यामुळे. म्हणून नुसतं भांडं सुटं मिळायला हवं, बादली आणि तोटी पुन्हा घ्यायला लावू नका. आराखड्यात त्याची किंमत वेगळी दाखवली आहे का?

अर्धा_अभियंता
नाही दाखवलेली. पूर्ण संचच धरलाय. आज बदलून घेतो.