लहान मुलांच्या डीएमएसए स्कॅनसाठी मात्रा कशी ठरवावी?

प्रश्न (न्यूक्लिअर मेडिसिन तंत्रज्ञ):
लघवीच्या वारंवार होणाऱ्या संसर्गामुळे मूत्रपिंडावर व्रण राहिले आहेत का, हे पाहण्यासाठी आमच्याकडे लहान मुले टेक्नेशियम-९९एम डीएमएसए स्कॅनला (मूत्रपिंडात साठणारे किरणोत्सारी औषध टोचून कॅमेऱ्याने चित्र घेण्याची तपासणी) येतात. प्रौढांना आम्ही ३ मिलिक्युरी (किरणोत्सारी मात्रेचे एकक) देतो. एक वर्षाच्या, १० किलो वजनाच्या बाळासाठी वयाचे जुने सूत्र, म्हणजे (वय + १) भागिले (वय + ७), लावले तर पाऊण मिलिक्युरी येते. ७० किलोच्या प्रौढाशी वजनाचे प्रमाण काढले तर सुमारे ०.४३ मिलिक्युरी येते. यांपैकी सुरक्षित मात्रा कोणती मानायची? जितकी कमी तितकी चांगली, असे सरसकट धरावे का?

उत्तर (न्यूक्लिअर मेडिसिन डॉक्टर):
दोन्ही सूत्रे बाजूला ठेवावीत, कारण प्रौढांची मात्रा ज्या विभागात मुळातच जास्त असते, तिथे तिचा ठरावीक हिस्सा काढूनही मुलाची मात्रा जास्तच राहते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर अमेरिकेतील १३ बालरुग्णालयांमध्ये एकाच तपासणीसाठी दर किलोमागे दिली जाणारी मात्रा सरासरी तिपटीने आणि क्वचित दहापटीने वेगळी आढळली. सर्वाधिक तफावत किमान मात्रेत, म्हणजे नेमकी सर्वांत लहान मुलांच्या बाबतीत होती. त्यानंतर २०१० मध्ये तेथील एकमताची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांनुसार डीएमएसएसाठी दर किलोला १.८५ मेगाबेकरेल (त्याच मात्रेचे दुसरे एकक) द्यावे, मात्र १८.५ पेक्षा कमी देऊ नये. तुमच्या बाळासाठी हे गणित बरोबर १८.५ मेगाबेकरेल, म्हणजे अर्धा मिलिक्युरी येते. युरोपीय न्यूक्लिअर मेडिसिन संघटनेच्या डोस कार्डावर ६.८ हा मूळ आकडा १० किलोच्या २.७१ या गुणकाने गुणला की १८.४ येतात आणि किमान मर्यादा तिथेही १८.५ आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर या किमान मर्यादेत आहे. मात्रा फार कमी असेल तर पुरेसे काउंट्स (कॅमेऱ्याने टिपलेल्या किरणांची मोजणी) मिळायला वेळ लागतो, तेवढ्यात मूल हलते आणि मूत्रपिंडाच्या टोकाकडचा छोटा व्रण धूसर चित्रात हरवतो. मग गुंगीचे औषध देण्याची किंवा तपासणी पुन्हा करण्याची वेळ येते. ज्या तपासणीतून निदानच होत नाही, तिच्यातला किरणोत्सर्ग कितीही थोडा असला तरी तो मुलाला विनाकारण दिलेला असतो.

उत्तर (मेडिकल फिजिसिस्ट):
वरील मताशी सहमत आहे. त्याला आकड्यांची जोड देतो. आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग-संरक्षण आयोगाच्या गुणांकांनुसार डीएमएसएच्या दर मेगाबेकरेलमागे प्रौढाला ०.००८८, पाच वर्षांच्या मुलाला ०.०२१ आणि एक वर्षाच्या बाळाला ०.०३७ मिलिसिव्हर्ट परिणामी डोस (शरीरावर होणाऱ्या किरणोत्सर्गाच्या परिणामाचे माप) मिळतो. म्हणून अर्ध्या मिलिक्युरीला त्या बाळाचा डोस सुमारे ०.७ मिलिसिव्हर्ट होतो. जगभरात नैसर्गिक किरणोत्सर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, हे पालकांना सांगितले की त्यांची भीती बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे.

मात्र कागदावरची मात्रा आणि शरीरात गेलेली मात्रा एकच असते, असे गृहीत धरू नका. टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे असल्यामुळे सकाळी आठला भरलेली सिरिंज अकराला टोचली तर १८.५ पैकी १३ मेगाबेकरेलच उरलेले असतात. शिवाय डीएमएसए प्लॅस्टिकला चिकटते. त्यामुळे डोस कॅलिब्रेटरवर (मात्रा मोजण्याच्या यंत्रावर) सिरिंज टोचण्यापूर्वी आणि नंतरही मोजावी, दोन्ही वेळा लिहून ठेवाव्यात आणि वजाबाकी करून आलेली मात्रा नोंदवावी. वजनही त्याच दिवशी काट्यावर घ्यावे. पालकांनी आठवून सांगितलेल्या वजनावर गणित करू नये.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पुढच्या आठवड्यात ४ किलोचे एक बाळ येणार आहे. वजनाप्रमाणे ७.४ मेगाबेकरेल येतात, मग १८.५ कसे द्यायचे?

उत्तर (न्यूक्लिअर मेडिसिन डॉक्टर):
१८.५ हीच मात्रा द्यावी, पण आधी बालरोगतज्ज्ञांशी बोलावे, कारण वर दिलेला ०.०३७ हा गुणांक सुमारे १० किलोच्या बाळासाठी आहे आणि एवढ्या लहान बाळाचा डोस त्याहून जास्त असेल. संसर्ग नुकताच झाला असेल आणि प्रश्न कायमच्या व्रणाचा असेल, तर स्कॅन सहसा काही महिन्यांनीच करतात. तोवर सोनोग्राफीवर भागत असेल तर थांबावे. स्कॅन आत्ताच हवा असेल तर इंजेक्शननंतरच्या दोन-तीन तासांच्या अवधीत आईला बाळ जागे ठेवायला सांगावे, कॅमेऱ्यावर घेण्याच्या जरा आधी दूध पाजावे आणि दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवावे. बहुतेक बाळांना मग गुंगीचे औषध लागत नाही.