लाँग रननंतर गोड नकोसं होतं, मदत हवी आहे

हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. रविवारी १५-१६ किमी पळून आले की नेहमीचाच, चमचाभर साखरेचा चहा गोडमिट्ट लागतो. घोटभर पिऊन ठेवून देते. पोहे अळणी वाटतात (घरचे म्हणतात मीठ बरोबर आहे), आणि मी लोणच्याचा खार बोटाने चाटत उभी! मंगळवारपर्यंत सगळं पूर्ववत. ५-६ किमीला असं काहीच होत नाही.

घामातून सोडियम जातं म्हणून खारट हवंसं वाटतं, हे कळतं. म्हणून गेले तीन रविवार पळताना ओआरएस घेतलं. खारटाची ओढ कमी झाली, गोडाचा तिटकारा तसाच. लांब पळल्यावर रक्तात इंटरल्यूकिन-६ (सुजेशी संबंधित एक प्रथिन) वाढतं, स्नायूंना सूज येते. त्याचा चवीशी संबंध असेल का, अशी शंका आहे.

वय ४२, शुगर-थायरॉइड नॉर्मल, गोळ्या कुठल्याच नाहीत, पेनकिलरही नाही. वास नीट येतो, हिरड्या तपासून झाल्या.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाणारच आहे. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन) पळण्यानेही वाढतं, मग लाँग रननंतर किती दिवसांनी त्याच्या तपासणीसाठी रक्त द्यावं? आणि गोडाचा असा दोन दिवसांचा तिटकारा आणखी कुणाला येतो का?