शब्दचर्चा: वॉकर आडनाव, चालणारा की तुडवणारा?

निळीशाई:
आम्ही लीड्सला असतो. मुलीच्या वर्गात एक वॉकर आहे आणि एक टकर आहे. परवा तिने विचारलं, आई वॉकर म्हणजे खूप चालणारा का, मी पटकन हो म्हणून टाकलं आणि मग मलाच ते पटेना. बेकर म्हणजे पाववाला, टेलर म्हणजे शिंपी, स्मिथ म्हणजे लोहार, हे सगळे धंदे झाले, मग नुसतं चालण्याचा कुठला धंदा असणार? निरोप्या वगैरे असेल का? कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा, पोरीला चुकीचं सांगून बसलेय.

उंबरठा:
ताई धंदाच आहे, पण निरोप्याचा नाही, कापडाचा. लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते विरळ असतं, चाळणीसारखं, आणि त्यात मेंढीच्या अंगचा तेलकटपणाही असतो. ते तसंच अंगावर घातलं तर वारा आरपार जाणार. म्हणून ते पाण्यात भिजवायचं आणि तासन् तास तुडवायचं, तुडवून तुडवून लोकरीचे धागे एकमेकांत गच्च अडकतात, कापड आटतं, जाड होतं आणि मऊ पडतं. (स्वेटर चुकून मशीनमध्ये टाकला की लहान मुलाच्या मापाचा होऊन बाहेर येतो ना, तेच, फक्त मुद्दाम आणि मोजून केलेलं.) हे तुडवायचं काम करणारा तो वॉकर.

आणि गंमत म्हणजे तुमच्या मुलीच्या वर्गातला टकर पण तोच! इंग्लंडमध्ये या एकाच कामाला प्रांताप्रांतात वेगळे शब्द होते. उत्तरेकडे, मिडलंड्समध्ये आणि स्कॉटलंडात वॉकर, नैर्ऋत्येला डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेट भागात टकर, आणि आग्नेयेला केंट, ससेक्स, नॉरफोक, सफोक या बाजूला फुलर. इंग्लंडात आडनावं साधारण १४०० च्या सुमारास घराण्याला कायमची चिकटली. म्हणजे आज कुणी टकर भेटला तर त्याचा पूर्वज बहुतेक डेव्हनकडचा आणि वॉकर भेटला तर यॉर्कशायर लँकेशायरकडचा, असा अंदाज बांधता येतो, अंदाजच हां, माणसं हललीत खूप.

पाऊसपाणी:
फुलर म्हणजे भरलेला, फुल वाला नाही का मग?

उंबरठा:
नाही, त्या फुलशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये कापड तुडवणाऱ्याला फुल्लो म्हणत, तिथून जुन्या इंग्रजीत फुल्लेरे झालं. रोमन लोकांकडे तर याचे मोठे कारखाने होते, पॉम्पेईत खोदकामात सापडलेत, दगडी हौद आणि त्यात उभं राहून पायाने कापड मळायचं. पाण्यात शिळं मूत्र घालायचे कारण त्यातल्या अमोनियाने तेलकटपणा सुटतो. ऐकायला किळसवाणं वाटतं पण साबण महाग किंवा नाहीच अशा काळात माणसाने जे हाताशी होतं त्यातून रसायनशास्त्र शोधून काढलं, मला त्याचं फार कौतुक वाटतं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये येशूची वस्त्रं इतकी शुभ्र झाली की पृथ्वीवरच्या कुठल्या फुलरला तशी करता येणार नाहीत असं आहे, मराठी बायबलात त्या जागी परीट आहे.

टकर हा तिसरा. जुन्या इंग्रजीत तूकियन म्हणजे छळणे, त्रास देणे, त्यावरून कापडाला बडवणे. एक्झिटर शहरात या लोकांच्या संघाची १४७१ ची इमारत अजून उभी आहे, टकर्स हॉल म्हणतात.

पाऊसपाणी:
थांबा, फुलर्स अर्थ! आमच्या दुकानात मुलतानी मातीच्या पाकिटावर इंग्रजीत हेच लिहिलेलं असतं, मी इतकी वर्षं विकतोय, मला वाटायचं फुलर नावाच्या कुणा साहेबाने शोधली असेल.

उंबरठा:
बरोबर पकडलंत दादा. तेल शोषून घेणारी माती, कापडातला तेलकटपणा काढायला हे फुलर लोक ती वापरायचे म्हणून ती फुलरची माती. इंग्लंडात सरे परगण्यात नटफील्डला तिच्या मोठ्या खाणी होत्या. चेहऱ्याचं तेल काढायला आपण लावतो ते त्याच गुणामुळे.

मागावरचा:
मी इचलकरंजीचा, प्रोसेस हाऊसमध्ये (कापड धुऊन रंगवून तयार करतात तिथे) २२ वर्षं. आमचं सगळं सुताचं काम, हे तुडवणं आमच्याकडे नाही, पण तुम्ही लिहिलंत त्याच्या पुढची पायरी आमच्याकडे आहे. कापड ओलं असताना दोन्ही काठ पिनांच्या साखळीत धरून ताणून सुकवायचं म्हणजे पन्हा सरळ आणि सारखा येतो, त्या मशीनला आम्ही स्टेंटर म्हणतो. आमच्या एका इंजिनिअर साहेबांनी सांगितलं होतं की मूळ शब्द टेंटर, तिकडे तुडवलेलं कापड उघड्या माळावर लाकडी चौकटीला आकड्यांनी अडकवून ताणायचे. हे खरं का?

उंबरठा:
अगदी खरं. त्या आकड्यांना टेंटरहुक म्हणत आणि आपण जीव टांगणीला लागला म्हणतो तसं इंग्रज माणूस टेंटरहुकवर आहे म्हणतो. दोन्ही भाषांनी घालमेलीला टांगूनच ठेवलं.

निळीशाई:
किती छान माहिती! पण एक शंका. म्हणजे वॉकर हे कापडावर चालायचे म्हणूनच वॉकर ना? मग चालणारा हे अगदीच चूक नाही.

उंबरठा:
इथेच खरी मजा आहे आणि बऱ्याच ठिकाणी हे घाईत लिहिलेलं असतं. जुन्या इंग्रजीत वेअल्कन या क्रियापदाचा अर्थ पायी चालणे नव्हताच, लोळवणे, उलटंपालटं करणे, घुसळणे असा होता, आणि वेअल्केरे म्हणजे कापड मळणारा. पायी चालणे हा अर्थ नंतर आला. जर्मन आणि डच भाषेत वाल्कन म्हणजे आजही लोकर मळणेच, तिकडे चालण्याचा अर्थ आलाच नाही. म्हणजे धंदा चालण्यावरून नाव मिळवून बसला असं नाही, उलट चालणे हाच अर्थ धाकटा आहे आणि आडनावाने थोरला अर्थ जपून ठेवलाय. संस्कृतातल्या वल्ग् म्हणजे उड्या मारणे, नाचणे या धातूशी पण या शब्दाचं नातं लावलं जातं, म्हणजे आपली वल्गना लांबची बहीण लागते.

दुसरं असं की पायाने तुडवायचं काम लवकरच पाणचक्कीकडे गेलं, चक्कीला जोडलेले लाकडी हातोडे कापड कुटायचे. टेम्पलर या ख्रिस्ती योद्ध्यांच्या पंथाच्या ११८५ च्या नोंदीत अशा गिरण्या आहेत. पुष्कळ घराण्यांना वॉकर आडनाव चिकटलं तोवर पाय थांबलेले होते.

स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर मात्र विसाव्या शतकापर्यंत बाया टेबलाभोवती बसून ओलं ट्वीड (जाडसर लोकरी कापड) हाताने आपटायच्या आणि त्या तालावर गाणी म्हणायच्या, एक जण ओळ म्हणणार बाकीच्या ध्रुपद उचलणार. मी रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या, भाषा एक अक्षर कळत नाही पण हाताच्या कष्टाची लय ओळखू येते.

पाऊसपाणी:
मग जॉनी वॉकर व्हिस्कीच्या बाटलीवरचा तो चालणारा माणूस?

उंबरठा:
जॉन वॉकर हा स्कॉटलंडातल्या किल्मारनॉक गावचा किराणा दुकानदार, १८२० चं दुकान. चालणारा माणूस १९०८ साली चित्रकाराने काढला, नावावर कोटी म्हणून. त्या चित्राने चालण्याचा अर्थ लोकांच्या डोक्यात पक्का केला असावा असं मला वाटतं. आणि त्या बाटलीवरून गुरुदत्तने आपल्या बद्रुद्दीन काझीला जॉनी वॉकर नाव दिलं. कुठे यॉर्कशायरचा लोकर तुडवणारा आणि कुठे मुंबईचा सिनेमा.

निळीशाई:
मुलीला सगळं सांगितलं तर तिला खरं वाटेना. मग रविवारी माझा जुना लोकरीचा मफलर बाथटबमध्ये गरम पाणी आणि साबण घालून टाकला, ती त्यावर पाऊण तास नाचली. पन्हा २८ सेंटीमीटर होता, वाळल्यावर २३ भरला, आणि हाताला नमद्यासारखा लागतोय. उद्या ती तो शाळेत नेणार आहे, वॉकर आणि टकर दोघांना दाखवायला.